सत्यवान सारंगांची अडकलेली पत्रं

मिठबावात सत्यवान कोळंबकरांना नावाने हाक मारणारे फार थोडे. बाकी सगळे त्यांना सारंग म्हणतात. अडतीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर होते. खलाशी म्हणून चढले आणि शेवटचे उतरले तेव्हा डेकवरच्या सगळ्या माणसांचे मुकादम होते. कागदोपत्री त्या हुद्द्याला बोसन म्हणतात, आपल्याकडे सारंग. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. कशी गेली असं विचारलं की "दारात सापडली" एवढंच सांगायचे. जहाजाचं दार कसलं असतं ते गावात कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न कधी आलाच नाही. बायकोकडूनसुद्धा नाही.

त्यांना दोन मुलं. मोठा अजय मुंबईत नोकरीला. त्याच्यानंतर तेरा वर्षांनी झालेली रिया. बारावीनंतर रियाने सांगितलं की मी जहाजावर जाणार, डेक कॅडेट म्हणजे शिकाऊ अधिकारी होणार. सत्यवान म्हणाले, नाही. ती म्हणाली, का? ते म्हणाले, नाही म्हणजे नाही. यापुढे त्यांच्याकडून एक शब्द निघाला नाही. फॉर्मवर पालक म्हणून सही तिच्या आईने, रुक्मिणीने केली. शिक्षण झालं, जहाज मिळालं, आणि गेल्या ऑगस्टमध्ये रिया निघाली. सत्यवान नांदगाव स्टेशनपर्यंत पोचवायला गेले खरे. तिची जड बॅग त्यांनी डब्यात वरच्या फळीवर चढवली, नीट आत सरकवली आणि खाली उतरले. गाडी हलेपर्यंत ते फलाटावर, ती डब्याच्या दारात, दोघंही एकमेकांच्या चपलांकडे बघत होते.

रियाचं जहाज जुनं. खलाशांना वापरायला इंटरनेट नाही. जहाजाची स्वतःची मेल असते, तीसुद्धा नुसती अक्षरांची, फोटोबिटो काही जात नाही. चढताना प्रत्येकाने घरचा एक मेलचा पत्ता लिहून द्यायचा, आणि त्या एकाच पत्त्यावरून आलेली मेल जहाज आत घेणार. अजयचा पत्ता देता आला असता, तो दिवसभर कम्प्युटरसमोरच असतो. रियाने बापाचा दिला.

सत्यवानांकडे अजयने बारा वर्षांपूर्वी घेऊन दिलेला कम्प्युटर आहे. त्यात मेलचा एक प्रोग्रॅम, पाकिटाचं चित्र असलेला. पत्ता त्या वेळच्या टेलिफोन लाईनबरोबर मिळालेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना मोबाईलची बारीक अक्षरं नकोशी वाटतात, पण ह्या पडद्यावर ती हवी तेवढी मोठी करता येतात. उजव्या हाताच्या एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं असा त्यांचा शिरस्ता. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांनी रियाला बऱ्याच मेल पाठवल्या. सगळ्या दोन ओळींच्या. "पोचलीस का. जेवण कसं आहे. थंडी असेल तर कान झाक." तिचीही उत्तरं तेवढीच. भांडणाबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही.

ऑक्टोबरच्या दोन तारखेला तिची एक मोठी मेल आली. जहाज सिंगापूर सोडून ब्राझीलला निघालं होतं, चोवीस तारखेला धक्क्याला लागणार होतं. तिने लिहिलं होतं:

"बाबा, जहाज धक्क्याला बांधताना माझी ड्यूटी पुढच्या डेकवर असते. बोसन सांगतो इथे उभी राहा, चीफ ऑफिसर ओरडतो तिथून हट. दोघांचं पटत नाही. दोर जुने आहेत, दोन दोरांचे धागे सुटलेत. मला भीती वाटते असं इथे कुणाला सांगता येत नाही. तुम्ही असता तर कुठे उभे राहिला असता?"

सत्यवानांनी ती मेल चार वेळा वाचली. मग उठून अंगणात गेले, माडाखाली थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन पाचव्यांदा वाचली. त्या दिवशी त्यांनी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बसले, पण बाबू केबलवाला शिडी घेऊन आला आणि घरात भोकं पाडत दुपारपर्यंत राहिला. जुनी टेलिफोनची तार रस्त्याच्या कामात इतक्या वेळा तुटायची की अजयने मुंबईतूनच नवी फायबरची लाईन सांगितली होती. संध्याकाळी बाबूने मेलचा प्रोग्रॅम उघडून दाखवला. रियाची ती मेल होतीच, वर दोन जाहिरातीही नव्या येऊन पडल्या.

"बघा सारंगानू, येता मां सगळा? आता वाऱ्यासारखा धावतला," असं म्हणून बाबू शिडी घेऊन गेला.

चार तारखेला सत्यवान सकाळचा चहा घेऊन बसले ते जेवायलाच उठले. जेवून परत बसले. एका बोटाने त्यांनी जे लिहिलं ते पडद्यावर तीन पानं भरलं. आयुष्यात एवढं त्यांनी कुणालाच लिहिलं नव्हतं. 'सेंड'वर टिचकी मारली, पत्र पडद्यावरून नाहीसं झालं. थोड्या वेळाने इंग्रजी मजकुराची एक चौकट आली. असल्या चौकटी त्या कम्प्युटरवर हमेशा येतात, कधी अपडेट करा म्हणून, कधी व्हायरसची भीती घालायला. त्यांनी नेहमीप्रमाणे ओके दाबलं आणि मागल्या दारी आंघोळीला गेले. रुक्मिणी सांगते, त्या दिवशी ते न्हाणीत गुणगुणत होते.

सात तारखेला रियाची मेल आली. हवामान, जेवण, एका फिलिपिनो स्वयंपाक्याची गंमत. शेवटी: "मी काहीतरी विचारलं होतं. वेळ मिळाला की लिहा."

सत्यवान गोंधळले. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. समुद्रावरचा निरोप, उपग्रहावरून जायचा, उशीर व्हायचाच. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं: "सविस्तर लिहिलं आहे. मिळालं का?" पुन्हा तीच चौकट, पुन्हा ओके.

दहा तारखेला: "बाबा, उत्तर नाही आलं. ठीक आहे ना सगळं?" त्यांनी तिसरं पत्र लिहिलं, दोरांबद्दलचं मुख्य तेवढं पुन्हा थोडक्यात. मग चौथं. बारा तारखेला तिची एकच ओळ आली: "तुम्ही अजून रागावला असाल तर मी पुन्हा विचारणार नाही."

ती ओळ रुक्मिणीने त्यांच्या खांद्यावरून वाचली.

"तुमी तिका काय लिवलास?" ती म्हणाली. "परत कायतरी टोचून बोललास?"

"नाय गो. बराच लिवलंय."

"मगे ती असा कित्याक म्हणता?"

"माका काय म्हायत? मी लिवतंय एक, ती वाचता दुसराच. नायतर वाचणाच नाय."

"माका वाचून दाखवा, काय लिवलास ता."

सत्यवान नको म्हणाले. रुक्मिणी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि हलेना. मग त्यांनी शोधाशोध केली. ते पत्र त्यांना 'आउटबॉक्स' नावाच्या कप्प्यात सापडलं, आणि ते वाचू लागले.

"प्रिय रिया. दोर ताणलेला असला की त्याच्या रेषेत उभी राहू नकोस. तो रोलरवरून जिथे वळण घेतो, त्या वळणाच्या आतल्या अंगाला तर कधीच नको, मग सांगणारा बोसन असो की कॅप्टन. तुटायच्या आधी दोर आवाज करतो असं लोक सांगतात. नेहमी करत नाही. मी सांगतो ते ऐकीव नाही. पावलू फर्नांडिस म्हणून गोव्याचा एक पोरगा माझ्या हाताखाली होता. त्याला मी सांगितलं, इथे उभा राहा. दोर तुटला. त्याच दोराच्या टोकाने माझी दोन बोटं नेली. पावलू जागच्या जागी गेला. मी त्याला दोन पावलं मागे उभा केला असता तर आज तो पन्नाशीचा असता. तू जहाजावर जाणार म्हणालीस तेव्हा मी नाही म्हटलं ते यासाठी. तू मुलगी म्हणून नाही."

आणखी बरंच होतं. खुणेची शिट्टी कशी ओळखायची, पाय कुठे ठेवायचा, मागे हटायची वाट आधीच कशी बघून ठेवायची. ते त्यांनी वाचलं नाही. रुक्मिणीने त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एवढंच म्हणाली, "तेवीस वर्सां दार सांगलास माका."

"काय सांगतलंय होतंय?"

"ह्याच. आता चेडवाक सांगलास तसा." तिने डोळे पुसले. "आनी ता चेडू थंय म्हणता तुमी रागावलास."

तिने लगेच अजयला फोन लावला. अजय म्हणाला, "बाबा, सेंट म्हणून कप्पो आसा तो बघा. गेलेली मेल थंय दिसता."

"सेंटात एक तारखेची शेवटची आसा," सत्यवान म्हणाले. "पण आउटबॉक्सात सगळी आसत, चारय. आउट झाली मां ती?"

"नाय बाबा. आउटबॉक्स म्हणजे जी अजून जावची आसत ती."

"मगे तेका आउट कित्याक म्हणतत?"

अजयने कम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितला, नव्या वायरचा डबाही बंद करून चालू करायला सांगितला. सत्यवानांनी केलं. मग त्याने एक नवी मेल रियालाच लिहून बघायला सांगितली. सत्यवानांनी "मिळालं तर एक शब्द लिही" असं लिहिलं. तीही आउटबॉक्समध्ये पाचवी जाऊन बसली. सहावी नुसती "टेस्ट". दरम्यान इनबॉक्समध्ये टपाटप येतच होतं: विम्याची आठवण, कुठल्याशा चपलांची जाहिरात, अजयने बघावं म्हणून पाठवलेली मेल. येणारं सगळं येत होतं, जाणारं काहीच जात नव्हतं. एकाच तारेतून एका बाजूने वाट मोकळी आणि दुसऱ्या बाजूने बंद, हे कसं काय असू शकतं, ते सत्यवानांच्या डोक्यात शिरेना.

अजयने स्वतःच्या पत्त्यावरून रियाला मेल केली. ती तासाभरात परत आली. पत्ता यादीत नाही, असा शेरा मारून जहाजाने ती नाकारली होती.

"कंपनीच्या हापिसात फोन करू?" अजयने विचारलं.

"काय सांगतलंस? बोसनाचा आयकू नको म्हणान? तिची पयलीच बोट. नको."

त्या दिवशी सत्यवानांनी पहिल्यांदा ती इंग्रजीची चौकट ओके न दाबता नीट वाचली. भिंग घेऊन वाचली. पुष्कळसा मजकूर डोक्यावरून गेला. ५५० असा एक आकडा होता, आणि दोन शब्द त्यांना ओळखीचे वाटले. रिलेइंग. डिनाइड.

डिनाइडचा अर्थ त्यांनी रियाच्या शाळेच्या डिक्शनरीत बघितला: नाकारले. रिलेचा अर्थ बघायची गरजच नव्हती, तो त्यांनी जन्मभर ऐकला होता. एका जहाजाचा निरोप पोचत नसेल तर मधलं जहाज तो घेऊन पुढे पाठवतं, त्याला रिले म्हणतात. म्हणजे निरोप जहाजापर्यंत जात होता आणि जहाज तो पुढे द्यायला नाकारत होतं. अजयची मेलही जहाजानेच परत पाठवली होती. सगळं जुळत होतं. जहाजावर कुणीतरी सांगितलं होतं की ह्या माणसाची पत्रं घेऊ नका. आणि असं सांगणारं जहाजावर एकच माणूस असू शकत होतं.

पण मग ती स्वतः का लिहीत होती? उत्तर नाही आलं, उत्तर नाही आलं, असं का म्हणत होती? ह्या विचारात ते दोन दिवस घरात फिरत राहिले. चहात साखर घातली की नाही हे त्यांना आठवेना. एकदा त्यांनी रुक्मिणीला विचारलं, "माणूस एकाच टायमाक हाक मारीत आनी कान बंद करीत काय?" ती म्हणाली, "तुमी तेवीस वर्सां तेवढाच केलास."

सतरा तारखेला त्यांनी सातवं पत्र लिहिलं. ते जाणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणूनच लिहिलं. "तुला माझी पत्रं नको असतील तर नको. त्यासाठी कॅप्टनला सांगून बंदी घालायची गरज नव्हती. मला सरळ लिहिलं असतंस तरी चाललं असतं. यापुढे लिहिणार नाही." सेंड दाबलं. चौकट आली. आउटबॉक्समध्ये सात झाली.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीने कम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "जामसंड्याक जावा. दुरुस्त करून घेवन येवा."

जामसंड्याला बाजारात भाई म्हणून एकाचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एसटीत सत्यवान डबा मांडीवर घेऊन बसले, प्रत्येक खड्ड्याला तो छातीशी धरत. भाईने डबा जोडला, सुरू केला, मेलचा प्रोग्रॅम उघडला. नव्या दोन-तीन मेल आल्या.

"काका, मेल येता मां? मगे बिघाड कसलो?"

"येता. जाणा नाय."

"येता ता जातलाच," भाई ठामपणे म्हणाला. त्याने झाकण काढून आतली धूळ उडवली, व्हायरस शोधणारं काहीतरी चालवलं आणि सत्यवानांना चहा पिऊन यायला सांगितलं. ते परत आले तेव्हा डबा पुन्हा चादरीत बांधून तयार होता. "सगळा बरोबर आसा, काका. कायएक बिघाड नाय. उगाच घाबरलास."

घरी येऊन त्यांनी तारा जोडल्या, प्रोग्रॅम उघडला. आउटबॉक्स रिकामा. त्यांनी सेंट उघडलं. सातही पत्रं तिथे, ओळीने, अठरा तारीख, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

रुक्मिणी म्हणते, माणसाचं तोंड असं पांढरं पडलेलं तिने एकदाच बघितलं.

"गेली," ते म्हणाले. "सगळी गेली."

"मगे बरा झाला मां?"

"सातवाय गेला गो."

सातव्यात काय आहे हे त्यांनी तिला तेव्हा सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. सत्यवानांनी घाईघाईत आठवं लिहायला घेतलं. बोट चुकत होतं, अक्षरं उलटसुलट पडत होती. "रिया, सातवं पत्र वाचू नकोस. वाचलं असशील तर खरं मानू नकोस. पहिलं वाच." सेंड दाबलं. चौकट आली. ५५०. रिलेइंग डिनाइड. आउटबॉक्समध्ये एक.

आता मात्र त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. पत्रं जातात. पत्रं जात नाहीत. जी जाऊ नये ती जाते. जहाजाने सकाळी अकराला माफ केलं आणि दुपारी दोनला पुन्हा नाकारलं? भाईला फोन केला तर तो म्हणाला, "हंयसून जाता काका, तुमच्या घरात कायतरी वास्तूचा बघा." तो थट्टा करत होता, पण सत्यवानांनी क्षणभर देव्हाऱ्याकडे बघितलं.

वीस तारखेला रुक्मिणीने अनुजाला बोलावून आणलं. अनुजा आमच्या ग्रामपंचायतीत कम्प्युटर सांभाळते. दाखले, उतारे, सगळ्यांचे फॉर्म तिच्याच हातून जातात. ती ऑफिस सुटल्यावर आली, पदर खोचून खुर्चीवर बसली आणि तिने आधी चौकट वाचली, मग सत्यवानांकडून सगळी हकिकत पहिल्यापासून ऐकून घेतली. जहाजाच्या रिलेची गोष्ट आली तेव्हा तिला हसू फुटलं, पण तिने ते आवरलं.

"काका, जहाजाचो हेच्यात काय संबंध नाय. तुमची मेल मिठबावच सोडूक नाय."

"मगे नाकारता कोण?"

"थांबा. शेवटची गेली कधी?"

"एक तारखेक."

"आनी अडकली ती पयली?"

"चार तारखेक."

"ह्या मधल्या दिसांत घरात काय बदलला?"

सत्यवान विचार करू लागले. रुक्मिणी दारातून म्हणाली, "तीन तारखेक बाबू येवन नवी वायर घालून गेलो नाय काय?"

"पण ती वायर बरी चलता," सत्यवान म्हणाले. "मेल येता, तेनाच दाखवली माका."

अनुजाने भाईला फोन लावला. "भाई, तुमच्या दुकानात नेट खंयचा? ... जुन्या टेलिफोनाचाच? ... बरा." फोन ठेवून ती खुर्ची फिरवून बसली.

"आता आयका. मेल येवची वाट वायली, जावची वाट वायली. दोन येगळी दारां. येवच्या दारार तुमचो प्रोग्रॅम नाव आनी पासवर्ड सांगता, म्हणान खंयच्याय वायरीवरसून मेल येता. जावच्या दारार मात्र तो कायच सांगना नाय. आदी तुमी टेलिफोनवाल्यांच्याच तारेवर होतास. घरचो माणूस म्हणान ते इचारीत नसत. आता तुमी दुसऱ्याच्या तारेवरसून येवन तेंका सांगतास, माझी मेल पुढे धाडा. ते म्हणतत, तू कोण? हेका ते रिलेइंग डिनाइड म्हणतत. भाईचा नेट जुन्याच तारेवर, म्हणान थंय प्रोग्रॅम उघडल्याबरोबर ती आपोआप गेली."

सत्यवान म्हणाले, "म्हणजे रियान कोणाक कायएक सांगूक नाय."

"तिका ह्यातला काय म्हायतच नाय, काका."

त्यांना हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं. पण सातवं पत्र आठवलं आणि आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

अनुजाने अकाउंटची सेटिंग उघडली. जाणाऱ्या मेलसाठी एक रिकामी चौकट होती, तिथे तिने खूण केली: ह्या सर्व्हरलाही ओळख द्यावी लागते. पासवर्ड काय, असं तिने विचारलं तेव्हा सत्यवान आणि रुक्मिणी एकमेकांकडे बघू लागले. पासवर्ड अजयने बारा वर्षांपूर्वी घातला होता आणि अजयला काल जेवला काय तेही आठवत नाही. पण त्याच्याखालीच पर्याय होता, येणाऱ्या मेलचीच ओळख इथे वापरा. तिने तो निवडला आणि सेंड-रिसीव्ह दाबलं. चौकट आली.

"परत!" सत्यवान म्हणाले.

"परत, पण तीच नाय," अनुजा म्हणाली. "आकडो बदललो. म्हणजे कायतरी हललाहा." तिने आणखी एक पान उघडलं. तिथे पोर्ट म्हणून लिहिलं होतं आणि पुढे पंचवीस. "नाव सांगून आत जावचो दरवाजो ह्यो नाय," असं पुटपुटत तिने पंचवीस खोडून पाचशे सत्त्याऐंशी घातलं. पुन्हा सेंड-रिसीव्ह. खालच्या पट्टीवर एक हिरवी रेघ सरकत शेवटाला गेली. चौकट आली नाही. आउटबॉक्स रिकामा झाला.

सत्यवानांनी स्वतःच्या हाताने सेंट उघडून बघितलं. आठवं पत्र तिथे होतं. त्यांना तरीही खात्री वाटेना. अनुजाने त्यांना तिच्या पत्त्यावर एक मेल करायला लावली आणि तिच्या मोबाईलवर ती आलेली दाखवली. तीसुद्धा त्यांनी भिंगातून वाचली.

एकवीस गेली, बावीस गेली. रियाची मेल नाही. सत्यवान तासातासाला पाकिटाच्या चित्रावर टिचकी मारत. रुक्मिणी म्हणे, माऊस फुटात तो. चोवीसला जहाज लागायचं होतं, आणि आता तीन पानं पोचूनही त्यांच्यावर सातव्याची शाई सांडलेली होती.

तेवीस तारखेला सकाळी मेल आली.

"बाबा, अठरा तारखेला एकदम सात मेल आल्या. आमच्याकडे शेवटची सगळ्यात वर दिसते, म्हणून मी आधी सातवीच वाचली. काही कळेना. मी कॅप्टनशी आजपर्यंत गुड मॉर्निंगपलीकडे बोललेली नाही, मी त्याला काय सांगणार? मग खाली टेस्ट. मग मिळालं तर एक शब्द लिही. मला वाटलं तुम्हाला बरं नाही. सगळ्यात शेवटी पहिली वाचली. मग दोन दिवस काय लिहावं सुचेना. मग आठवी आली, सातवी वाचू नकोस म्हणून. बाबा, तुम्ही काय करताय तिकडे?

"मला वाटायचं तुम्ही मला मुलगी म्हणून अडवताय. तीन वर्षं तसंच वाटत होतं. पावलूबद्दल आईला माहीत आहे का?

"मी तुमची तीन पानं कागदावर उतरवून घेतली. सुटलेल्या धाग्यांचे दोर चीफ ऑफिसरला पुन्हा दाखवले. एक बदलला, दुसरा ब्राझीलमध्ये बदलू म्हणतात. बोसनला मी विचारलं, तुम्ही स्वतः कुठे उभे राहता? मग त्याने दाखवलं. तुम्ही सांगितली तीच जागा होती. मला मात्र तो दुसरीकडे उभी करायचा, कारण त्याच्या मते मी मध्ये येते. उद्या मी त्याच्या मागे उभी राहणार आहे, तसं ठरलंय."

सत्यवानांनी ती रुक्मिणीला मोठ्याने वाचून दाखवली, ह्या वेळी न सांगता. मग दोघांनी मिळून उत्तर लिहिलं. ती सांगत होती, ते एका बोटाने लिहीत होते, आणि मध्येच भांडत होते, कारण तिला "तब्येतीची काळजी घे"ने सुरुवात हवी होती आणि त्यांना दुसऱ्या दोराने.

चोवीस तारखेचा दिवस त्यांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. दुपारी ते खाडीवर जाऊन बसले आणि ओहोटी लागल्यावर परत आले. पंचवीसला सकाळी नऊच्या सुमारास रुक्मिणीचा मोबाईल वाजला. रियाने बंदरावर उतरून कुणाच्या तरी वायफायवरून व्हॉट्सॲप लावलं होतं. आवाज तुटत होता, चित्र थांबत थांबत येत होतं. जहाज धक्क्याला बांधून झालं होतं, सगळे धडधाकट होते. रुक्मिणी दहा मिनिटं बोलली, काय खाल्लंस, किती वाळलीस, केस का कापलेस. मग तिने मोबाईल सत्यवानांच्या हातात दिला.

पडद्यावर रिया होती, डोक्यावर हेल्मेट, गाल उन्हाने रापलेले. सत्यवानांनी मोबाईल लांब धरला, मग जवळ धरला.

"बाबा," ती म्हणाली.

"हं," ते म्हणाले.

"ऐकू येतंय ना?"

"येता."

मागून क्रेनचा आवाज येत होता. सत्यवानांनी घसा खाकरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, रुक्मिणीकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"जेवलंस?" त्यांनी विचारलं.

"जेवले."

"बरा," ते म्हणाले. "बाकीचा मेलार लिवतंय." आणि मोबाईल बायकोकडे देऊन ते कम्प्युटर चालू करायला आत गेले.